फ्लेक्सवरची पाठ

माझी पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली ती तालुक्याच्या एसटी स्टँडवर. आमच्या घराच्या दारापेक्षा मोठी होती.

मी आणि माझी नणंद रेश्मा तिच्या लग्नाचं कापड घेऊन परतत होतो. साखरपुडा होऊन गेला होता. हातात पिशव्या, उन्हानं घशाला कोरड. रेश्मा म्हणाली, "वहिनी, रस पिऊया," म्हणून रसवंतीकडे वळलो, तर समोर स्टँडच्या भिंतीवर नवा कोरा फ्लेक्स. वर हात जोडलेल्या माणसांची रांग, खाली मोठाले दोन फोटो. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. दोन्हींत एक बाई पाठमोरी बसलेली. हिरवा ब्लाउज छातीशी धरलेला, पाठ उघडी, मान अर्धी वळवलेली. डोळ्यांवर काळी पट्टी, पेपरात चोराच्या फोटोवर असते तशी. आणि ठसठशीत अक्षरात: 'एका फोटोने कुष्ठरोगावर मात! त्वचेचे डॉक्टर आता तुमच्या गावात!'

'कोण बिचारी' असं माझ्या मनात आलंसुद्धा. मग तो ब्लाउज ओळखीचा वाटला. मग हनुवटीवरचं तीन ठिपक्यांचं गोंदण दिसलं. खांद्याखाली भाजल्याचा वण होता. लहानपणी आधण सांडलं होतं तिथला. तो वण मला बोटांनी ठाऊक होता, डोळ्यांनी कधी बघितला नव्हता.

"वहिनी," रेश्मानं माझा पदर धरला, "ही तू हाईस."

फ्लेक्सखाली माणसं एसटीची वाट बघत बसली होती. एकजण शेंगा सोलत खात होता. माझ्या कमरेला डोकं टेकून.

रस राहिला. आम्ही दोघी पदर तोंडावर ओढून जीपमध्ये बसलो, तशाच लाँचच्या धक्क्यावर उतरलो.

आमचं गाव धरणाच्या पाण्यापलीकडे. लाँच सकाळी जाते, संध्याकाळी येते. मधे कुणाचं पोट दुखो नाहीतर पाय मोडो, पाणी काही वाट देत नाही. अलीकडच्या काठाला आरोग्य केंद्र, तिथून तालुका, तालुक्यातून पुढे जिल्ह्याचा दवाखाना. कातडीचा डॉक्टर फक्त जिल्ह्याला. नुसत्या एका चट्ट्यासाठी एवढी वाट कोण तुडवणार? गावातली बाई कडुनिंबाचा पाला लावायची आणि गप्प बसायची. मीही तेच केलं होतं.

माझा चट्टा आत्यांनी बघितला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मी न्हाताना पाठीवर कढत पाणी ओतत होते आणि मला कळत नव्हतं, ते त्यांना दिसलं. त्यांनीच मला हाताला धरून गावातल्या उपकेंद्रात पडवळ सिस्टरांकडे नेलं. सिस्टरांकडे तेव्हा सरकारनं दिलेला टॅब नवीन आला होता. त्यांनी दार लावलं, खिडकीला चादर लावली. मला डोळे मिटायला सांगून पाठीवर कापूस फिरवला. "लागला की बोट वर कर." मी वाट बघत बसले. डोळे उघडले तर सिस्टर म्हणाल्या, "झालं." माझं बोट मांडीवरच होतं.

मग फोटो. "वैजंता, जरा मान वळव. घाबरू नकोस गं, फक्त डॉक्टर बघणार." एका कागदावर माझी सही घेतली आणि त्या रेंजसाठी टेकडीवर चढून गेल्या.

दोन दिवसांनी मलाही टेकडीवर नेलं. फोनवर शहरातल्या डॉक्टर होत्या, केतकी देवधर. तो आवाज मी विसरणार नाही. "वैजंता, हा कुष्ठरोग आहे. लवकर सापडलाय. गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. पूर्ण बरा होतो. ताटवाटी वेगळी करायची नाही, अंथरूण वेगळं करायचं नाही. कुणी म्हटलं तर मला फोन लावून द्यायचा."

आमच्या गावात पूर्वी एका म्हाताऱ्याला हा रोग झाला, तर त्याला रानातल्या गोठ्यात ठेवला होता. भाकरी लांबून टाकायचे. तो तिथंच गेला. मी घरात, माझ्याच अंथरुणावर, माझ्याच ताटात जेवून बरी झाले. मालक मुंबईला गोदामात कामाला. ते येऊन दोन दिवस राहिले, म्हणाले, "गोळ्या चुकवू नको," आणि परत गेले. घरातल्या सगळ्यांना सिस्टरांनी तपासलं, कुणाला काही नव्हतं. शेजारीपाजारी विचारलं की आत्या सांगायच्या, "रक्तवाढीच्या गोळ्या हाईत." बरी झाल्यावर सिस्टरांनी पुन्हा तसाच फोटो काढला. मी आपणहून तोच ब्लाउज घालून गेले होते, तो मला लाभला म्हणून.

तेव्हा फोटोवर माझा राग कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे साहेब लोकांनी तसंच पसरवलं.

त्या संध्याकाळी लाँचवर आम्ही चढलो आणि बोलणं थांबलं. सगळ्यांच्या हातात फोन. ज्या फळीवर मी बसले तिथली बाई पोराला घेऊन पुढं सरकली. रोज माझ्याकडून ताक नेणारी बाई.

घरी पोचलो तर आत्या ओट्यावर बसलेल्या. रेश्माच्या होणाऱ्या नवऱ्याच्या चुलत्याचा निरोप आमच्याआधी पोचला होता. 'तुमच्या घरात महारोग हाय हे आमाला का सांगितलं न्हाई?'

"पाठ उघडी करताना कळलं न्हाई तुला?" आत्या म्हणाल्या. "आता बघ. सगळा तालुका बघतोय."

"तुमीच नेलं व्हतं मला, आत्या."

"औषधाला नेलं व्हतं. जत्रंत मांडायला न्हाई!"

पिशवीतलं लग्नाचं कापड तसंच खुंटीला राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रात गेले. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि हातातली पेटी खाली ठेवली.

"मला काल रात्रीच कळलं वैजंता. देवाशपथ."

"तुमी म्हणला व्हता, फकस्त डॉक्टर बघनार."

"म्हटलं होतं."

"मग?"

"अगं, रिपोर्टबरोबर फोटो वर जातात. वरून मागितलं होतं म्हणे, एखादी चांगली केस पाठवा. तुझा निकाल फार चांगला आला होता, म्हणून..."

मला हसूच आलं. नवरा मुंबईत, पाठ तालुक्यात आणि मी चांगली केस.

"तुमी बोला की वर."

सिस्टर खुर्चीत बसल्या. "मी बोलले की माझी बदली. मी यायच्या आधी हे केंद्र किती दिवस बंद होतं आठवतंय? दाराला गवत उगवलं होतं." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारी पलीकडच्या आरोग्य केंद्रात उद्घाटन आहे, देवधर डॉक्टरही येणार आहेत. ही फोटोची योजना आता सगळ्या तालुक्यात करणार. मला गावातल्या बायका घेऊन यायला सांगितलंय."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात दारात बायका जमल्या. औषधाला नव्हत्या आल्या. इंदू, जिच्या तान्ह्या पोराच्या अंगावर फोड होते, ती म्हणाली, "माझ्या पोराचा फोटू पुसा. माझ्यासमोर पुसा." तिच्यामागून दुसरी, तिसरी. सिस्टर एकेकीला टॅब दाखवत होत्या, पुसत होत्या, आणि प्रत्येकीला तेच विचारावं लागत होतं, "औषध तरी चालू ठेवशील ना?" इंदूच्या पोराच्या हातावरचे फोड पिकले होते. ती त्याला पदराखाली झाकून निघून गेली.

रविवारी रेश्मा धुणं घेऊन ओढ्यावर गेली ती आलीच नाही, म्हणून मी बघायला गेले. धुणं कोरडंच होतं. ती दगडावर बसून रडत होती. लग्न फिसकटणार हे एव्हाना कळलं होतं, मला वाटलं त्याचंच रडू. मी शेजारी बसले, म्हटलं, "माझ्यामुळं झालं बाई तुझं हे."

तिनं आजूबाजूला बघितलं आणि साडी मांडीपर्यंत वर केली. फिकट, कोरडा चट्टा. कडेला लालसर. माझ्या पाठीवरच्यासारखाच.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं. लग्न झालं की दाखवनार व्हते. त्यांच्या गावाला गेल्यावर, तिकडच्या डॉक्टरला."

मी गवताची काडी तोडली आणि तिच्या मांडीवर फिरवली. "लागतंय?"

ती पाण्याकडे बघत होती. "काय?"

माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

"सिस्टरकडं चल. आत्ता चल. गोळ्या घेतल्या की बरं व्हतंय, मी झाले की."

"न्हाई."

"रेश्मा..."

"फोटू काढत्यात तिथं. मेले तरी न्हाई काढनार." ती माझ्याकडे वळली. "वहिनी, तुझी पाठ व्हती. माझी मांडी हाय."

तोवर मी समजत होते मला राग आलाय. तो राग नव्हता, ती लाज होती. तीन दिवस मी मान खाली घालून फिरत होते, विहिरीवर शेवटी जात होते, हिरवा ब्लाउज चुलीत घातला होता. राग त्या दगडावर आला. ज्या फोटोनं मी वाचले, तोच फोटो या पोरीला मारणार होता, आणि ज्यांनी हे केलं ती माणसं उद्या हार घालून घेणार होती.

"बरं," मी म्हटलं. "फोटू नको. पन उद्या माझ्यासंगं पलीकडं चल."

"कशाला?"

"डॉक्टरीन येनार हाय. हातानं बघंल."

सोमवारी सिस्टरांबरोबर लाँचमध्ये आम्ही दोघीच होतो. बाकी एकही बाई आली नाही. सिस्टर सगळा वेळ पाण्याकडे बघत बसल्या.

आरोग्य केंद्रासमोर मांडव घातला होता. खुर्च्या, सनई लावलेली, अलीकडच्या गावांतली पुष्कळ माणसं. दाराला लाल फीत. आणि स्टेजच्या मागे तोच फ्लेक्स, आणखी मोठा. माझ्या पाठीसमोर खुर्च्या मांडून माणसं बसली होती. माइकवर जिल्ह्याचे एक साहेब बोलत होते, "...आता डॉक्टरांकडे जायची गरज नाही, डॉक्टर तुमच्या मोबाइलमध्ये..."

रेश्माला मी कडेला उभं केलं. टेबलावर तबक होतं, हळदकुंकू, नारळ आणि फीत कापायची नवी कात्री. मी ती उचलली. हे ठरवून आले होते असं नाही. कात्री समोर दिसली, एवढंच. स्टेजवर चढले, साहेबांच्या मागून गेले आणि फ्लेक्समध्ये टोक खुपसलं. जाड कापड फाटताना मोठा आवाज होतो. साहेब बोलायचे थांबले.

एकानं मागून माझा दंड धरला. मी वळले.

"धरा की. वर लिवलंय ते वाचलं न्हाई का, कसला रोग व्हता मला?"

त्यानं हात सोडला. पटकन सोडला, चटका बसावा तसा. 'कुष्ठरोगावर मात' असं लिहिलेल्या फ्लेक्सखाली उभा राहून सोडला. मी पुढं कापत राहिले.

"अहो बाई, काय चाललंय हे!" साहेब ओरडले. माइक चालूच होता. "सरकारी मालमत्ता आहे ती!"

"पाठ माझी हाय."

"अहो, चेहऱ्यावर पट्टी आहे, नाव नाही, गाव नाही. कुणी ओळखलं तुम्हाला?"

मी मांडवाकडे वळले. "मी कोन?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. मी पुन्हा विचारलं, "सांगा की! कोन हाय मी?"

पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, बाजारात भाजी विकणारी. ती म्हणाली, "शेलारांची वैजंता. पानीपारची."

"ऐकलं?" मी साहेबांना म्हटलं. "डोळं माझं झाकलंत तुमी. लोकांचं उघडंच व्हतं."

"संमती दिलीय तुम्ही. सही आहे तुमची."

"डॉक्टरला दाखवायला दिली व्हती. एसटी स्टँडला न्हाई."

तेवढ्यात स्टेजवरच्या खुर्चीतून एक बाई उठल्या. साधी सुती साडी, चष्मा. त्या बोलल्या आणि मी ओळखलं. टेकडीवरचा आवाज.

"फोटो मी दिला होता," देवधर डॉक्टर म्हणाल्या. "ह्या कामाला परवानगी मिळावी म्हणून वरच्या बैठकीत दाखवला. पुढे तो यांनी घेतला. नाव काढून दिला होता."

"मला इचारलं का न्हाई?"

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाल्या, "विचारायचं असतं हे सुचलंच नाही."

"तुमी मला बरं केलं. आयुष्यभर नाव घेईन तुमचं. पन त्यापोटी माझी पाठ तुमची झाली न्हाई."

"नाही झाली," त्या म्हणाल्या.

साहेब पोलिसांना बोलवा म्हणत होते. डॉक्टर त्यांना म्हणाल्या, "बोलवा. तक्रारीत माझंही नाव घाला. फोटो मी दिलाय." मग माझ्याकडे वळल्या. "आता मी काय करू, वैजंता?"

मला रडू आलं असतं, पण वेळ नव्हता. "खाली उतरा," मी म्हटलं. "एक पेशंट हाय."

मलमपट्टीच्या खोलीत मी रेश्माला आत घातलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. कात्री हातातच होती. त्या दारापाशी कुणी आलं नाही. मांडवात माइकवर कुणीतरी सांगत होतं, 'तांत्रिक अडचणीमुळे कार्यक्रम थोडा उशिरा सुरू होईल.' आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग डॉक्टरांचा आवाज, "कापूस लागला की सांग हं." मग बराच वेळ शांतता. ती शांतता मला ओळखीची होती.

दार उघडलं तेव्हा रेश्मा डोळे पुसत होती. डॉक्टर म्हणाल्या, "तेच आहे. पण लवकर आलात. गोळ्या आजच सुरू करू." मग म्हणाल्या, "पुढे मला बघावं लागेल. दर महिन्याला मला इथवर येता येणार नाही."

रेश्मानं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला.

"फोटू मी काढीन," मी म्हटलं. "माझ्या फोनवर. तुमाला धाडीन. तुमी बघायचा, काय ते सांगायचं आनि पुसायचा. त्या टॅबात घालायचा न्हाई."

"तसा नियम..." डॉक्टर बोलता बोलता थांबल्या. रेश्माकडे बघून म्हणाल्या, "तुला चालेल?"

रेश्मानं मान डोलावली.

पुढच्या बाजाराच्या आत तालुक्यातले सगळे फ्लेक्स उतरले. माझ्यावर तक्रार झाली नाही. पण सोयरीक मोडली ती मोडलीच, आणि आत्यांनी ते कापड कधी कुणाला वापरू दिलं नाही. पडवळ सिस्टरांची बदली त्याच वर्षी झाली. त्यांनी कुणाविरुद्ध शब्द काढला नव्हता. साहेब होते तिथंच राहिले, पुढं मोठ्या जागेवर गेले असं ऐकलं. उपकेंद्राला पुन्हा कुलूप लागलं. इंदूच्या पोराला शेवटी पोटाशी धरून पलीकडं न्यावं लागलं, हात वाचला, पण बोटांवर वण राहिले. आजही ते पोरगं समोर आलं की माझ्या अंगाचा भडका उडतो. बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, सोड आता. काय सोडू?

रेश्माचं पुढं वरच्या अंगाच्या गावात लग्न झालं. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात काम करणारा, शांत मुलगा. पहिल्या भेटीतच तिनं त्याला स्वतः सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गोळ्या संपल्या का?" ती म्हणाली, "संपत आल्यात." झालं.

शेवटचा फोटो मी काढला तो लग्नाच्या थोडं आधी. दार लावून, उजेडात. चट्ट्याच्या जागी कातडी जवळजवळ सारखी झाली होती. टेकडीवर जाऊन धाडला आणि दोघी तिथंच बसून राहिलो. डॉक्टरांचा निरोप आला. 'उत्तम. पूर्ण बरी आहे. रेश्माला विचारा, शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला हा फोटो मी ठेवू का? ओळखू येईल असं काही दिसणार नाही.'

मी तो निरोप तिला दोनदा वाचून दाखवला. म्हटलं, "तू म्हनशील तसं. शिकनाऱ्यांना उपेग हुईल बघ."

तिनं फोन हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला. वारं सुटलं होतं, तिचे केस सारखे तोंडावर येत होते.

"न्हाई म्हन," ती म्हणाली.

मी लिहिलं, 'नाही म्हणते.'

उत्तर यायला वेळ लागला. मला वाटलं, आता कारण विचारतील, समजावतील, त्यातून किती बायकांचं भलं होईल ते सांगतील.

फोन वाजला. 'बरं. पुसला.'

रेश्मानं ते स्वतः वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि माझ्या पुढं टेकडी उतरायला लागली.